फळीवरच्या बरण्या आणि लेकीचे मुरूम

इंदूरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. थोडे संक्षिप्त करून ते येथे देत आहे.

“आम्ही सुदामानगरात राहतो. माझी मुलगी सतरा वर्षांची असून बारावीत आहे आणि रोज दुपारी स्कूटीवरून भंवरकुआँला कोचिंगला जाते. दीड वर्षापासून तिच्या कपाळावर आणि गालांवर मुरूम येत आहेत. सासूबाई तिला रोज बेसन, आंबेहळद आणि साय यांचा लेप लावायला सांगतात; ग्वाल्हेरला त्यांच्या माहेरी सगळ्या मुलींनी हाच लेप लावला आणि कोणाच्याही चेहऱ्यावर डाग राहिला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मध्यंतरी मैत्रिणीच्या सांगण्यावरून मुलीने महिनाभर लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा कालवून लावला. त्यामुळे गालांवर आधी लाल चट्टे उठले आणि आता तेथे काळपट डाग दिसतात. मग शेजारच्या वहिनींनी एक मलम दिले. त्याने आठ दिवसांत चेहरा अगदी स्वच्छ झाला, परंतु ते थांबवताच दुप्पट मुरूम आले. पोहे-जिलेबी आणि सराफा बाजारातले रात्रीचे खाणे बंद केल्याशिवाय काही उपयोग नाही, असे घरात रोज ऐकावे लागते. मला रासायनिक औषधांची भीती वाटते. घरगुती उपायांपैकी कोणते योग्य आहेत आणि ते किती प्रमाणात करावेत, हे कृपया सांगावे. मार्गशीर्षात माझ्या भाचीचे लग्न आहे, तोपर्यंत चेहरा नीट होईल का?”

सस्नेह नमस्कार.

तुम्ही प्रमाण विचारले आहे, परंतु मुलीच्या गालांची आजची अवस्था पाहता प्रमाणाचा विचार थोडा पुढे ढकलावा लागेल. लिंबू आणि सोड्याने तिच्या त्वचेचा वरचा संरक्षक थर दुखावलेला आहे, आणि दुखावलेल्या त्वचेवर चांगली वस्तूही झोंबते. म्हणून निदान पंधरा दिवस सर्व लेप, रस, वाफ आणि घासणे पूर्ण थांबवावे. सकाळी आणि रात्री साध्या पाण्याने व सुगंध नसलेल्या सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा, टॉवेलने न चोळता टिपून घ्यावा, वर साधे, तेलविरहित मॉइश्चरायझर लावावे आणि बाहेर पडताना सनस्क्रीन लावावे. या काळात काहीच केले जात नाही, असे घरातल्यांना वाटेल. तरी ते वाटू द्यावे. वहिनींच्या मलमाची गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर आहे. तिच्याकडे पुढे येतो.

मुरूम नेमका कोठे तयार होतो हे एकदा लक्षात आले, की कोणत्या उपायाकडून किती अपेक्षा ठेवावी हे आपोआप ठरते. चेहऱ्यावरील प्रत्येक बारीक लवेच्या मुळाशी एक तेलग्रंथी असते. वयात येताना शरीरातील अँड्रोजेन संप्रेरके वाढतात, मुलांमध्ये वाढतात तशीच मुलींमध्येही, आणि त्यांच्या प्रभावाने या ग्रंथी अधिक तेल सोडू लागतात. त्याच वेळी रंध्राच्या आतील अस्तराच्या मृत पेशी नेहमीसारख्या सुट्या होऊन बाहेर न पडता एकमेकींना चिकटतात, आणि तेल व पेशी मिळून रंध्राच्या तोंडाशी बूच तयार होते. बुचाखाली साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात. हे जिवाणू मुरूम नसलेल्या माणसाच्या त्वचेवरही असतात, त्यामुळे तो बाहेरून लागलेला संसर्ग समजू नये. शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिक्रिया देते, रंध्राची भिंत आतल्या आत फुटते, आणि आपल्याला लाल, दुखरी पुटकुळी दिसते. नाकावरचे काळे ठिपके हा मळ आहे असे समजून मुली ते खरवडतात. प्रत्यक्षात तो रंग मेलॅनिनचा आणि हवेशी संपर्क आल्याने काळवंडलेल्या तेलाचा असतो, आणि कितीही धुतले तरी तो मळासारखा निघत नाही.

म्हणजे बिघाड त्वचेच्या आत, रंध्रात आहे, आणि स्वयंपाकघरातील बहुतेक पदार्थ वरच्या वर राहतात. ते वरचे तेल टिपतात, क्षणभर थंडावा देतात, कातडी ताणल्यासारखी वाटते म्हणून काही तरी घडल्याचे समाधानही देतात. पण बुचापर्यंत त्यांपैकी फारच थोडे पोहोचतात. त्यामुळे घरगुती उपायाबद्दल मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की याने नुकसान तर होत नाही ना. फायद्याचा विचार त्यानंतर.

या कसोटीवर लिंबू आणि सोडा दोन्ही नापास होतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक) साधारण साडेचार ते साडेपाच असतो. लिंबाच्या रसाचा सामू दोन ते अडीचच्या आसपास असतो. सामूच्या मोजपट्टीवर एकेक अंक खाली जाताना आम्लता दहापट वाढते, हे ध्यानात घेतले म्हणजे आपण त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आंबट द्रव गालावर ठेवत होतो हे कळेल. खाण्याच्या सोड्याचे पाणी उलट बाजूला, आठच्या वर जाते. “दोन्ही एकत्र केले की एकमेकांना मारतात” असे मुली सांगतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे: फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे सोडियम सायट्रेट उरते. पण घरी कोणी मापून मिसळत नाही. एका दिवशी आम्ल उरते, दुसऱ्या दिवशी अल्कली उरते, आणि न विरघळलेल्या सोड्याचे खडे चोळताना त्वचा खरवडतात ते निराळेच. फेस पाहून औषध काम करते आहे असे वाटते, एवढाच त्या मिश्रणाचा प्रभाव.

लिंबाची आणखी एक बाजू फारशी कोणी सांगत नाही. लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत फ्युरोकुमारिन वर्गातील द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडले, तर त्या जागी भाजल्यासारखी प्रतिक्रिया होते. एक-दोन दिवसांत लाली किंवा फोड येतात आणि पुढे कित्येक आठवडे, कधी महिने, गडद डाग राहतो. तुमची मुलगी दुपारी स्कूटीवरून भंवरकुआँपर्यंत जाते. चेहरा धुतला तरी सालीचा रस कानशिलावर किंवा हनुवटीखाली राहतोच. तिच्या गालांवरील डागांत मुरुमांचा वाटा किती आणि लिंबाचा किती हे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, परंतु महिनाभर लिंबू लावल्यानंतर डाग दिसू लागले हा क्रम पुरेसा बोलका आहे. आपल्याकडील गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत कोणत्याही दाहानंतर रंगद्रव्य अधिक तयार होते. म्हणून मुरूम बरा झाला तरी डाग रेंगाळतो, आणि म्हणूनच आपल्या त्वचेला दाह होईल असा प्रयोग अधिक महागात पडतो.

आता सासूबाईंच्या लेपाविषयी. त्यांचा राग येऊ देऊ नका, कारण त्या पूर्णपणे चुकीचे सांगत नाहीत. आपल्याकडे उटण्याची परंपरा आहे. नरकचतुर्दशीला आधी अंगाला तेल चोळायचे आणि मग उटण्याने ते काढायचे. त्या कामाला बेसन उत्तम आहे, कारण डाळीचे पीठ तेल शोषते आणि साबणाइतके कोरडे करत नाही. मात्र उटणे वर्षातून काही दिवसांचे आणि निरोगी त्वचेसाठीचे आहे. सुजलेल्या मुरुमांवर रोज जाड लेप लावून, तो कडक वाळेपर्यंत ठेवून, मग बोटांनी चोळून काढला, तर त्याच मुरुमांचे तोंड फुटते आणि दाह खोलवर जातो. सायीची तर या चेहऱ्याला गरजच नाही. ज्यांची त्वचा हिवाळ्यात तडकते त्यांना साय ठीक. आधीच तेल गळणाऱ्या कपाळावर स्निग्धाचा आणखी एक थर कशाला?

हळदीबद्दल लोकांची श्रद्धा मोठी आहे आणि तिला आधारही आहे. हळदीतील कर्क्युमिन दाह कमी करते असे प्रयोगशाळेतील कामातून दिसते. अडचण अशी, की ते त्वचेतून आत सहज शिरत नाही, उजेडात लवकर विघटन पावते, आणि चमचाभर पुडीत त्याचे प्रमाण किती हे कोणालाच सांगता येत नाही. गालावर पिवळा रंग मात्र नक्की राहतो. आंबेहळद आणि स्वयंपाकातली हळद या वेगळ्या वनस्पती आहेत, त्यामुळे एकीचे गुण दुसरीच्या नावावर मांडू नयेत. आणि कोणतीही हळद वापरायची असेल, अगदी आमटीतसुद्धा, तर सियागंजच्या बाजारातून सबंध हळकुंडे आणून दळून घ्यावीत. सुट्या पुडीला पिवळाजर्द रंग यावा म्हणून तीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे संयुग, मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. काही जणांना शुद्ध हळदीनेही खाज सुटते, पुरळ येते.

तेव्हा लेपाचे प्रमाण मी असे सांगेन: पंधरा दिवसांनंतर, गालांची आग पूर्ण थांबल्यावर, आठवड्यातून एकदा किंवा फार तर दोनदा, दोन चमचे बारीक चाळलेले बेसन नुसत्या पाण्यात ताकासारखे पातळ कालवून फेसवॉशऐवजी वापरावे. हलक्या हाताने पसरावे आणि वाळू न देता मिनिटाभरात धुऊन टाकावे. साय नाही, लिंबू नाही, हळद घालायचीच असेल तर सासूबाईंच्या समाधानापुरती चिमूटभर. पाठीवर आणि दंडांवर त्यांना हवा तसा लेप लावू द्यावा. असे केले म्हणजे घरातला मानही राहतो आणि चेहराही सांभाळला जातो. याने मुरूम बरे होतील असे मात्र मी म्हणणार नाही.

बाकीच्या बरण्यांचा हिशेब लवकर उरकता येईल. मुलतानी माती बेसनासारखेच वरचे तेल टिपते. पंधरा दिवसांतून एकदा चालेल, वाळून तडे जाईपर्यंत ठेवू नये. सहाणेवर दुधात उगाळलेले जायफळ हा आपल्या घरांतला खास उपाय आहे. एखाद्या पुटकुळीवर कधी लावले तर बिघडत नाही, पण जायफळातील सुगंधी तेले अनेकांना झोंबतात, आणि आता भाजलेल्या गालावर तर ते नकोच. लसणाची पाकळी चोळल्याने कातडीवर खरोखरीचे भाजल्याचे व्रण आलेले डॉक्टरांनी नोंदवले आहेत. टूथपेस्टने मुरूम सुकतो खरा, पण मेन्थॉल आणि फेस आणणारी द्रव्ये आजूबाजूची त्वचाही सोलतात. कडुलिंबाचा अर्क प्रयोगशाळेत जिवाणूंना रोखतो, तरी वाटलेल्या पाल्याचा कच्चा गोळा कोवळ्या त्वचेला तीव्र होतो. कोरफडीचा गर तुलनेने निरुपद्रवी आहे. पान कापल्यावर सालीलगतचा पिवळा चीक निथळू द्यावा, कारण खाज त्याने सुटते, आणि आतला पारदर्शक गर थंडाव्यासाठी लावावा. दुखऱ्या, टणक गाठीवर रुमालात गुंडाळलेला बर्फ दोन-तीन मिनिटे धरल्यास सूज तात्पुरती उतरते, आणि या साऱ्या यादीत मला सर्वांत प्रामाणिक उपाय तोच वाटतो, कारण तो याहून अधिक काही करण्याचा आव आणत नाही. वाफेने रंध्रे “उघडतात” हा समज सोडून द्यावा. रंध्रांना उघडझाप करणारे स्नायू नसतात, आणि वाफेने लाली मात्र वाढते.

मधाविषयी थोडे अधिक, कारण त्याच्याकडून आशा मोठी असते. मधात साखरेचे प्रमाण दाट असते आणि त्यातील विकरामुळे (एन्झाइममुळे) हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, म्हणून तो जिवाणूंना मारक ठरतो आणि जखमांवर वापरला जातो. पण न्यूझीलंडमध्ये तेथील कानुका झाडाच्या फुलांच्या मधावर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जंतुनाशक साबणाच्या जोडीला मध लावणाऱ्यांना नुसता साबण वापरणाऱ्यांपेक्षा मुरुमांत अधिक फायदा झाल्याचे दिसले नाही. जखम उघडी असते आणि मुरुमाचे रंध्र बंद असते, हा फरक येथे आड येतो.

कपाळावरच्या मुरुमांचे एक कारण मात्र बरणीत नसून बाटलीत असण्याची शक्यता आहे. मुलगी रात्री डोक्याला खोबरेल चोपडून झोपत असेल, तर ते उशीवर आणि कपाळावर उतरते, आणि खोबरेल हे रंध्रे बुजवणाऱ्या तेलांपैकी आहे. तेल लावायचे तर न्हाण्याच्या तासभर आधी लावावे आणि धुऊन टाकावे. उशीचा अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी बदलावा. आणि इंदूरच्या मुली स्कूटीवर तोंडाला जो स्कार्फ गुंडाळतात, तो उन्हापासून वाचवत असला तरी घामेजलेलाच दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधला जातो. असे तीन-चार सुती स्कार्फ ठेवून रोज धुतलेला वापरावा. त्याने घर्षण आणि घाम दोन्ही कमी होतील.

आता वहिनींचे मलम. आठ दिवसांत लख्ख चेहरा आणि थांबवताच दुप्पट उद्रेक, ही खूण बहुधा स्टेरॉइडची असते. नळी अजून घरात असेल तर तिच्यावरील बारीक अक्षरे वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले, आणि बहुतेक वेळा त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन असते, तर ते मलम चेहऱ्यावर पुन्हा लावू नये, “फक्त लग्नाच्या आठवड्यापुरते” सुद्धा नाही. स्टेरॉइड दाह दडपते, म्हणून लाली झटकन जाते आणि रंग उजळल्यासारखा वाटतो; पण सतत वापराने कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, नको तेथे लव येते आणि एकसारखे, दाट असे वेगळ्याच प्रकारचे मुरूम उठतात. सोडल्यावर आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. भारतातील त्वचारोगतज्ज्ञ या दुष्टचक्राविरुद्ध बरीच वर्षे बोलत आहेत, आणि स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत यासाठीचा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये अधिक कडक केला. तरीही गोरेपणाच्या नावाखाली ती हातोहात फिरतात. वहिनींनी चांगल्याच हेतूने दिले असणार. त्यांनाही हे वाचून दाखवावे, कारण त्या स्वतः ते वापरत असण्याची शक्यता आहे. मलम सोडल्यानंतरचा उद्रेक घरी निस्तरण्याचा प्रयत्न करू नये. नळी किंवा तिचे छायाचित्र घेऊन मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे. खासगी दवाखान्याचा खर्च जड वाटत असेल तर महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे आपल्या एम.वाय.मध्ये, त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे.

या साऱ्या पत्रातील माझ्या दृष्टीने सर्वांत विचित्र गोष्ट हीच आहे, की तुम्हाला रासायनिक औषधांची भीती वाटते, आणि आतापर्यंत मुलीच्या चेहऱ्यावर लागलेले सर्वांत तीव्र रसायन नाव न वाचता शेजारून आले. औषधाच्या नळीवर द्रव्याचे नाव आणि शेकडा प्रमाण छापलेले असते, हा तिचा मोठा गुण आहे. बेंझॉइल पेरॉक्साइडचे उदाहरण घ्या. ते रंध्रातील जिवाणूंना मारते. अडीच टक्क्यांचे जेल दहा टक्क्यांच्या जेलइतकेच काम करते आणि त्वचेला कमी त्रास देते, त्यामुळे दुकानदाराने “स्ट्राँग घ्या” म्हटले तरी अडीचचेच घ्यावे. ॲडापेलीन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले द्रव्य पेशींचे चिकटणे थांबवते, म्हणजे बूच होऊच देत नाही. ते मात्र डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच वापरावे, आणि गरोदरपणात वापरत नाहीत. एक-दोन टक्क्यांचे सॅलिसिलिक ॲसिड त्वचेवरील तेलात विरघळत रंध्रात उतरते आणि बारीक ठिपक्यांना उपयोगी पडते. ॲस्पिरिनची गोळी कुटून तेच साधते असे सांगितले जाते. ते खरे नाही, गोळीतले द्रव्य वेगळे आहे आणि प्रमाण तर अंदाजपंचे.

वनस्पतीजन्य काही हवेच असेल तर टी ट्री या ऑस्ट्रेलियातील झाडाच्या पानांपासून काढलेल्या तेलाचा विचार करता येईल. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२४ रुग्णांवर त्याच्या पाच टक्के जेलची पाच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडशी तुलना केली गेली. दोन्हींनी मुरूम कमी झाले. टी ट्रीचा परिणाम उशिरा दिसला, पण त्रास कमी झाला. येथेही महत्त्व “पाच टक्के” या शब्दांना आहे. बाजारात मिळणारे शुद्ध तेल थेट गालावर लावले तर ते भाजते.

डॉक्टरांनी या गालांवर कोणतेही जेल लिहून दिले, तर पहिले दोन-तीन दिवस ते कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. मग वाटाण्याएवढे जेल घेऊन, एकाआड एक रात्री, मुरूम येणाऱ्या सबंध भागावर पातळ पसरावे, कारण उद्याचा मुरूम आज न दिसणाऱ्या रंध्रात तयार होत असतो. बेंझॉइल पेरॉक्साइडने रंगीत टॉवेल आणि अभ्रे पांढरे पडतात, तेव्हा जुने पांढरे कापड वापरावे. आणि धीर धरावा: आठ ते बारा आठवड्यांपूर्वी कोणत्याही खऱ्या उपचाराचा निकाल लागत नाही. बहुतेक मुली तिसऱ्या आठवड्यात कंटाळून नवी नळी आणतात.

खाण्याच्या वादात दोन्ही बाजूंना थोडे थोडे गुण द्यावे लागतील. तळणीतले तेल पोटातून गालावर येत नाही, त्यामुळे शेव आणि कचोरीला मुरुमांसाठी दोषी धरता येणार नाही; इतर कारणांसाठी धरता येईल. साखरेचे तसे नाही. रक्तातील साखर झपाट्याने वाढवणाऱ्या आहाराने इन्सुलिन वाढते आणि त्यामार्गे तेलग्रंथींना चेतना मिळते. ऑस्ट्रेलियातच, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ ते २५ वर्षे वयाच्या मुलग्यांना बारा आठवडे तसा आहार कमी करून दिला, तेव्हा त्यांचे मुरूम तुलनेने अधिक घटले. अभ्यास लहान होता, तरी दिशा दाखवतो. म्हणून पोहे खुशाल खावेत, जिलेबी रविवारपुरती ठेवावी, आणि कोचिंगहून येताना रोजची थंड गोड पेये बंद करावीत. दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, काही जणांच्या मुरुमांशी संबंध आढळला आहे. तिला स्वतःला तसा अनुभव असेल तर महिनाभर कमी करून पाहावे. पण सराफ्यात मैत्रिणींबरोबर खाल्लेल्या एका वाटी रबडीचा उल्लेख दर मुरुमागणिक करू नये. सतरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या चेहऱ्याचे काय झाले आहे हे आरशाने आधीच सांगितलेले असते. पाहुण्यांसमोर तो विषय काढणारे कोणी असेल, तर त्यांना थांबवणे हे तुमचे काम आहे, आणि माझ्या मते ते सर्व लेपांहून अधिक आवश्यक आहे.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, ती मुलीला एकांतात विचारावी: पाळी नियमित येते का, हनुवटीवर राठ केस येत आहेत का, डोक्याचे केस विरळ होत आहेत का. यांपैकी काही असेल तर पीसीओएसची, म्हणजे बीजांडकोशांशी निगडित संप्रेरकांच्या विकाराची, शक्यता तपासण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे, कारण मग मूळ उपचार संप्रेरकांचा करावा लागतो. तसेच जबड्यालगत खोल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर पंधरा दिवस थांबण्याचाही सल्ला रद्द समजावा आणि त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. खड्डा एकदा पडला की तो घरी काय, दवाखान्यातही सहज भरत नाही.

मार्गशीर्षापर्यंत नवे मुरूम बरेच आटोक्यात येऊ शकतील. डाग पूर्ण जाणार नाहीत, फिके होतील, आणि तेही रोज सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन लावले तर. लग्नाआधीच्या पंधरवड्यात पार्लरमध्ये ब्लीच, फेशियल किंवा मुरूम फोडून घेणे यांपैकी काहीही करू नये. फाउंडेशन लावायचे असेल तर रंध्रे न बुजवणारे निवडावे, आधी एकदा घरी लावून पाहावे आणि वरात गेल्यावर कितीही उशीर झाला तरी धुऊनच झोपावे. भाचीच्या हळदीच्या वेळी उष्टी हळद करवल्यांच्या गालांना फासण्याची जी चढाओढ लागते, तेथे तुम्ही स्वतः पुढे होऊन मुलीच्या हातांना आणि पायांना हळद लावा, म्हणजे तिला कोणाला नाही म्हणावे लागणार नाही.